तिकीट काढलेल्यालाच अडवलं

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मी कॉम्प्युटर असेंब्ली आणि दुरुस्ती करतो. २०२१ साली लक्ष्मीपूजन आणि इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरची विक्री, दोन्ही एकाच दिवशी आली, ४ नोव्हेंबरला. ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला भिडलेले, त्यामुळे लोक जुनं कार्ड ठेवून बाकीचं मशीन नवीन बांधून घेत होते. असंच एक मशीन आम्ही कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांना बांधून दिलं होतं. महिनाअखेरीला ते कॅबिनेट चादरीत गुंडाळून टॅक्सीने परत घेऊन आले.

"सगळं चालतंय भावा, फकस्त मॅच चालू झाली की गेम बंद पडतोय."

काका मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीकडून फुटबॉल खेळलेले (तिकडे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने असतात), गुडघा गेल्यावर खेळ सुटला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे ज्याने शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच पाहिली आहे त्यालाच कळेल. काकांनी काय केलं होतं, तर फुटबॉलच्या एका नावाजलेल्या गेममध्ये परदेशी संघांची नावं बदलून तिथे कोल्हापूरच्या तालमी बसवल्या होत्या. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. प्रत्येक खेळाडूचं नाव, उंची, डावखुरा की उजवा, सगळं हाताने भरलेलं. जर्सीचे रंग जुन्या फोटोंवरून जुळवलेले. आपल्या वेळचे खेळाडूही त्यांनी त्यात घेतले होते, त्यातले काही आता हयात नाहीत. गेमची ती आवृत्ती दोन वर्षं जुनी होती आणि त्यानंतरच्या नव्या आवृत्त्याही आल्या होत्या. पण नव्यात हे सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं असतं. म्हणून त्यांना हाच गेम हवा होता.

गेम विकत घेतलेला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या बाजारात नवं मशीन नेताना "दोन-चार गेम टाकून द्या की" म्हणणारे रोज भेटतात. काकांनी मोबाइलवर पावतीचा मेल काढून माझ्यापुढे धरला.

मशीन टेबलावर घेतलं. गेम उघडला, मेन्यू आला, स्टेडियम आलं, खेळाडू रांगेत उभे राहिले आणि किकऑफला विंडो गायब. एररचा मेसेजही नाही. अशा वेळी आमचा क्रम ठरलेला असतो. टेंपरेचर पाहिलं, रॅम तपासली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुसून नवा टाकला, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. बाकीचे गेम सुरळीत चालत होते. तासभर लोड देऊनही मशीन हललं नाही. मग उरले प्रोसेसर आणि मदरबोर्ड. त्याच मॉडेलचा दुसरा प्रोसेसर लावला, तोच प्रकार. दुसरा बोर्ड लावला, तोच प्रकार. काकांच्या खात्याने तोच गेम दुकानातल्या जुन्या, दहाव्या पिढीच्या मशीनवर उघडला, तर पूर्ण मॅच खेळता आली. म्हणजे गेमच्या फाइलींत दोष नव्हता आणि सुट्या भागांतही नव्हता.

परत काकांच्या मशीनवर आलो आणि आता गेम मेन्यूपर्यंतही जाईना. स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज : या खात्यावरून आज फार जास्त कॉम्प्युटरवर गेम उघडला गेला आहे, नंतर प्रयत्न करा.

हे कसं होतं ते सांगतो. गेमच्या आत चोरीविरोधी सॉफ्टवेअर असतं, आम्ही त्याला डीआरएम किंवा नुसतं प्रोटेक्शन म्हणतो. पहिल्यांदा गेम उघडताना ते मशीनची ओळख टिपून घेतं, कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं आणि तिथून त्या मशीनपुरता परवाना आणतं. प्रोसेसर बदलला की त्याच्या लेखी मशीनच बदललं. २४ तासांत साधारण पाच मशीन चालतात, पुढे दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. एकच गेम पन्नास जणांनी वाटून खेळू नये म्हणून ही मर्यादा ठेवलेली. पण दुरुस्तीच्या टेबलावर प्रोसेसर बदलून पाहणारा मेकॅनिक आणि गेम वाटत फिरणारा माणूस यांतला फरक त्या सर्व्हरला कळत नाही.

दुपारचे तीन वाजले होते. काका स्टुलावर बसून सगळं बघत होते. शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावला आणि म्हणाला, "काका, कशाला त्रास घेता, पेनड्राइव्हवर क्रॅक आणून देतो." क्रॅक म्हणजे प्रोटेक्शन तोडून फुकट चालवलेली चोरीची प्रत. काकांनी त्याला हाताने थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भावा, शाहू स्टेडियमला आमी तिकीट काढून आत जायचो. काही पोरं भिंतीवरनं उड्या मारायची. पण तिकीट असल्याला दारातच ढकलून दिलं आणि उडी मारल्याला आत बसवलं, असं कधी झालं न्हाई."

संध्याकाळी मला कारण सापडलं. बाराव्या पिढीच्या या प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात, मोठे वेगवान आणि छोटे वीज वाचवणारे. काकांच्या आय-फाइव्हमध्ये सहा मोठे, चार छोटे. गेमचं काम मोठ्या कोअरवरून छोट्यावर गेलं की काही डीआरएमना वाटायचं, आपल्याला दुसऱ्याच मशीनवर नेलंय. मग ते गेम बंद करायचे. इंटेलने स्वतः हे जाहीर करून पन्नासेक गेमची यादी दिली होती. त्या यादीत खेळांचे गेम डोळ्यांत भरण्याइतके होते : फिफा १९ आणि २०, ई-फुटबॉल पेस २०२१, फुटबॉल मॅनेजरच्या काही आवृत्त्या, एफ-वन २०१९, मॅडन २२. त्यातल्या बऱ्याच गेमना विंडोज ११ वर त्रास नव्हता, पण काकांचं बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज १० वर बसलेलं, ते हलवायची त्यांची तयारी नव्हती. दुसरा उपाय होता : बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, 'लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी मोड' चालू करायचा आणि खेळण्याआधी कीबोर्डवरचा स्क्रोल लॉक दाबायचा. छोटे कोअर तेवढ्यापुरते बाजूला होतात.

उपाय हातात होता, पण करून बघता येईना, कारण खातं उद्यापर्यंत अडवलेलं. मशीन दुकानात ठेवून काका कळंबोलीला गेले. गेमच्या कंपनीला मी मेल टाकला. उत्तर आलं, त्यात गेम काढून पुन्हा टाकायला सांगितलं होतं.

त्या रात्री शटर अर्धं ओढून मी आणि माझा सहकारी बराच वेळ बोलत बसलो. त्याचं म्हणणं, कंपन्यांनी करावं तरी काय? आपल्या रस्त्यावर एकेकाळी शंभर रुपयांत दहा गेमची डीव्हीडी मिळायची. त्याचं खोटं नाही. गेम बनवणाऱ्यांची मेहनत लुटली जाते आणि ती थांबवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. खेळांच्या गेमचा धंदाही वेगळा : दरवर्षी नवी आवृत्ती आणि कमाई मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. तेवढ्यात क्रॅक आला तर फटका मोठा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या डेनुवो या कंपनीने आपलं प्रोटेक्शन पहिल्यांदा लावलं तेही २०१४ च्या फिफा १५ ला, हा मला योगायोग वाटत नाही.

पण चोरीचा आकडा आणि तोट्याचा आकडा एक नसतो. हे गेम बनवणाऱ्यानेच मोजून दाखवलं आहे. फुटबॉल मॅनेजर २०१३ च्या क्रॅकमध्ये एक फट राहून गेली होती आणि त्यामुळे तो कुठे कुठे चालतोय हे स्टुडिओला दिसत होतं. स्टुडिओचे प्रमुख माइल्स जेकबसन यांनी २०१३ मध्ये आकडे जाहीर केले : १ कोटी १ लाख बेकायदा डाउनलोड. त्यांतल्या १.७४ टक्के लोकांनी एरवी गेम विकत घेतला असता, असा त्यांचा अंदाज. म्हणजे सुमारे १ लाख ७६ हजार प्रती. नुकसान लहान नाही, पण कोटीच्या आकड्यापुढे कुठल्या कुठे. आणि प्रोटेक्शनची किंमतही याच गेमच्या चाहत्यांनी आधी मोजलेली. नोव्हेंबर २००८ मध्ये फुटबॉल मॅनेजर २००९ विक्रीला आला त्याच दिवशी ॲक्टिव्हेशनच्या, म्हणजे गेमला परवाना देणाऱ्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि दुकानातून डिस्क विकत घेऊन आलेले लोक गेम चालू न करता बसून राहिले.

माझं मत त्या रात्री पक्कं झालं ते एवढंच : पहिले काही महिने प्रोटेक्शन ठेवा, नवी आवृत्ती आली की जुन्यातलं काढून टाका. दोन वर्षं जुन्या गेममध्ये कंपनी कोणता महसूल राखत होती? पुढे २०२४ मध्ये डेनुवोच्या गेमांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेम पहिल्या आठवड्यातच क्रॅक झाला तर उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटतं, आणि १२ आठवडे टिकला तर पुढे क्रॅक होऊनही जवळजवळ काही फरक पडत नाही, असं त्यात निघालं. तो वाचल्यावर मला काका आठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका हजर. बायोस अपडेट करून मी तो मोड चालू केला. आता अडचण ही, की काकांच्या रंगीत दिव्यांच्या छोट्या कीबोर्डवर स्क्रोल लॉकच नव्हता. बिलिंग काउंटरवरचा टीव्हीएस गोल्ड उचलून आणला. तीननंतर खातं मोकळं झालं. स्क्रोल लॉक दाबला, कीबोर्डवरचा दिवा लागला, टास्क मॅनेजरमध्ये छोट्या कोअरचे आलेख सपाट झाले. गेम उघडला. पाटाकडील विरुद्ध दिलबहार. किकऑफ झाला, चेंडू सरकला आणि मॅच शेवटपर्यंत चालली. काका खुर्चीच्या कडेला बसून खेळत होते आणि प्रत्येक खेळाडूची माहिती मला देत होते. हा जोतिबाच्या डोंगरावर पळत जायचा. ह्याचा डावा पाय लई जड. गोल झाला तेव्हा शेजारचा तो पोरगाही येऊन मागे उभा राहिला होता. टीव्हीएसचा कीबोर्ड काका विकत घेऊन गेले.

जानेवारी २०२२ मध्ये इंटेलने यादीतल्या सगळ्या गेमांचा प्रश्न सुटल्याचं जाहीर केलं. मी काकांना फोन करून विंडोज आणि गेम दोन्ही अपडेट करायला आणि तो मोड बंद करायला सांगितलं. गेम स्क्रोल लॉकशिवाय चालला. प्रोटेक्शन मात्र आत तसंच होतं.

"भावा, पुढं ह्या कंपनीनं सर्व्हरच बंद केला आणि मी मशीन बदललं तर?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. असं आधी झालेलं आहे. वीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी डिस्कवर सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन होतं. त्याच्या ड्रायव्हरमधल्या धोक्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये तो चालवणं बंद केलं आणि विकत घेतलेल्या मूळ डिस्क कपाटात पडून राहिल्या. तुमचा सेव्ह मी कॉपी करून देईन, तालमींची फाइल दोन ठिकाणी ठेवा. पण सर्व्हर गेला आणि कंपनीने प्रोटेक्शन काढलं नसेल, तर नव्या मशीनवर तो गेम चालू करणं माझ्या हातात नाही.

"मग त्यास्नी लिवा की," काका म्हणाले. "मी सही करतो."

लिहिलं. काकांच्या नावाने, पावतीची प्रत जोडून, एकच मागणी : तुमच्या जुन्या आवृत्तीतून प्रोटेक्शन कधी काढणार, ती तारीख सांगा. तारीख अजून आलेली नाही. दर दिवाळीला तोच मेल मी पुन्हा पाठवतो.