एनसीसीच्या रेंजवरून ओटीएपर्यंत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी): माझा अनुभव

बऱ्याच मुली विचारतात की शूटिंग पण करायचंय आणि आर्मीत ऑफिसर पण व्हायचंय तर सुरुवात कुठून करायची, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. आधी हे लक्षात घ्या की खेळाडूंची भरती वेगळी आणि ऑफिसरची एंट्री वेगळी. मेडल्स असतील तर आर्मी थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून घेते, म्हणजे ऑफिसरच्या खालच्या हुद्द्यावर, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात सिल्व्हर आणलेले विजय कुमार सुभेदारच होते. पण ऑफिसर व्हायचं तर एसएसबी, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची निवड चाचणी, द्यावीच लागते. राज्यवर्धन राठोड सुद्धा आधी एनडीएतून ऑफिसर झाले, अथेन्सचं सिल्व्हर नंतर, २००४ ला.

माझी सुरुवात कॉलेजच्या एनसीसीत झाली. पॉइंट टू टू रायफल, झोपून फायर, आणि मागे उस्ताद ओरडतायत, "शिस्त बराबर लो, साँस रोको!" (शिस्त म्हणजे नेम.) ग्रुपिंग चांगलं आलं, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागल्या, तर कॅम्पच्या टीमसाठी नाव जातं, तसं माझं गेलं. मुंबईच्या अंजली भागवत पण एनसीसीतूनच पुढे आल्या हे आम्हाला सारखं सांगायचे, आणि खरंच त्याने खूप बळ यायचं.

मग वरळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल सुरू केली आणि कळलं की हा खेळ पूर्ण वेगळा आहे. इथे उभं राहून मारायचं, पाच किलोच्या आसपासची रायफल, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ थोडी मागे, म्हणजे वजन हाडांवर गेलं पाहिजे, स्नायूंनी उचललं की थोड्या वेळात थरथर सुरू होते. टार्गेटचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर! साठ शॉट, आणि डेसिमल स्कोअरिंग असल्यामुळे १०.१ आणि १०.८ यात स्पर्धा हातची जाते. जॅकेट इतकं कडक की त्यात नीट बसता पण येत नाही आणि त्याची जाडी पण मॅचच्या वेळी मोजतात. स्वतःची इम्पोर्टेड रायफल लाखांत जाते म्हणून मी क्लबचीच वापरली, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिली काही वर्षं तेच करावं, पैसे जॅकेट आणि शूजवर घालावेत कारण ते अंगाला बसलेच पाहिजेत. घरी ड्राय प्रॅक्टिस व्हायची, म्हणजे न फायर करता नुसता नेम धरायचा, भिंतीवर बारीक ठिपका काढून, आई म्हणायची अगं किती वेळ त्या भिंतीकडे बघत बसणार, पण होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, सुधारला तो त्या भिंतीमुळेच.

एसएसबीला मी एनसीसी स्पेशल एंट्रीतून गेले. ग्रॅज्युएशनला ५० टक्के आणि एनसीसीच्या सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड लागते, लेखी परीक्षा नसते, थेट मुलाखतीचं पत्र येतं. पाच दिवसांचा कार्यक्रम असतो. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग आणि बरेच जण तिथूनच परत जातात. मग सायकॉलॉजी, त्यात वर्ड असोसिएशनला (शब्द बघून मनात येईल ते लिहायचं) ६० शब्द आणि प्रत्येकाला फक्त १५ सेकंद, इथे शूटिंग कामाला आलं कारण मागचा शॉट डोक्यातून काढून पुढच्यावर यायची सवय अंगात भिनलेली होती, एक शब्द सुटला तर सुटला, पुढचं लिहायचं. ग्राउंडवर फट्टा (फळी), बल्ली (लाकडी ओंडका), रस्सी घेऊन ग्रुप टास्क, तिथे मात्र एकटीने शांत उभं राहून चालत नाही, बोलावं लागतं, दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

इंटरव्ह्यूत सर बराच वेळ शूटिंगवरच थांबले. राठोड आणि अभिनव बिंद्रा यांच्या इव्हेंटमध्ये फरक काय? मी सांगितलं की डबल ट्रॅपला शॉटगनने उडत्या क्ले (मातीच्या चकत्या) फोडतात, तर २००८ चं बिंद्रांचं गोल्ड स्थिर टार्गेटवरच्या एअर रायफलचं. मग विचारलं आदर्श कोण, मी मार्गारेट मर्डॉकचं नाव घेतलं. अमेरिकन आर्मीतल्या ऑफिसर, १९७६ ला मॉन्ट्रियलला पुरुषांबरोबर एकाच मॅचमध्ये रायफल थ्री पोझिशन (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून) खेळल्या, त्यांच्याच टीममधल्या लॅनी बॅशम यांच्याशी बरोबरीत सुटल्या, दोघांचे ११६२, पण टायच्या नियमाने गोल्ड बॅशमना गेलं. तर बॅशमनी राष्ट्रगीताच्या वेळी त्यांना हाताला धरून वरच्या पायरीवर घेतलं. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असेल, कारण माझ्यासाठी ऑफिसर आणि शूटर हे दोन्ही शब्द एकाच बाईच्या नावापुढे पहिल्यांदा तिथेच दिसले होते.

शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सनंतर माझा चेस्ट नंबर पुकारला गेला, म्हणजे मी रेकमेंड झाले. मग मेडिकल, त्यात डोळ्यांचं सगळं बारकाईने बघतात, त्यामुळे चष्मा असेल तर फॉर्म भरायच्या आधीच नंबर तपासून घ्या. त्यानंतर मेरिट लिस्टची वाट बघायची, रेकमेंड झालं म्हणजे जॉइनिंग आलं असं नसतं, ती वाट बघणं अंगावर येतं. आता जॉइनिंग लेटर हातात आहे. चेन्नईच्या ओटीएत ४९ आठवडे ट्रेनिंग.

पुढचं एका सीनियर मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या आधी युनिटमध्ये आपलं काम नीट शिक, जवानांना ओळख, मग ट्रायल दे. आर्मीचे शूटर महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार होतात, मला तिथेच जायचंय. तोपर्यंत शूटिंगचं जॅकेट आईकडे राहील, फक्त त्याची घडी घालू नको, हँगरलाच ठेव असं तिला सांगून ठेवलंय, घडी पडली की कॅनव्हास कायमचा मोडतो.