टॉपवॉटर बास, टेक्ससचा उन्हाळा आणि माझा उजवा हात

माझा उजवा हात पेणला शिकला, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

लहानपणी सुट्टीत काकाबरोबर खाडीवर गळ टाकायला जायचो. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, मध्ये बाटलीचं बूच आणि गळाला कोळंबी. काकाचा नियम एकच: बूच बुडालं की झटका. उशीर झाला तर मासा आमिष खाऊन पसार आणि माझ्या डोक्यात टपली. त्यानंतर तीसेक वर्षांनी, डॅलसच्या उत्तरेला घर घेतल्यावर, मी पुन्हा काठी हातात धरली ती लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी. तीही टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी लूर (खोटं आमिष) टाकून. या प्रकारात पाणी उसळल्याबरोबर झटका दिला की मासा हमखास जातो. हे डोक्याला पहिल्याच दिवशी कळलं. हाताला कळायला अख्खा जुलै गेला.

बाकीचं पटकन सांगतो, कारण त्यात अडचण अशी आलीच नाही. तळं निवडलं 'रे रॉबर्ट्स' नावाचं, डेंटन गावाच्या उत्तरेला. टेक्ससमधल्या बहुतेक तळ्यांसारखं हेही धरण बांधून केलेलं. पाण्यात वठलेली झाडं अजून उभी आहेत, काठाला गवत आहे, म्हणजे बासला लपायला जागाच जागा. जुलैत सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. तांबडं फुटायच्या वेळी पहिली लूर पाण्यात पडलेली असली पाहिजे, कारण खरा खेळ जेमतेम दीड-दोन तासांचा असतो. एकदा ऊन पाण्यावर आलं की संपलं. संध्याकाळी साडेसातनंतर पुन्हा थोडी संधी असते, पण तोवर दिवसभर चाळिशीच्या पुढं तापलेली हवा अंगावर येते आणि डास वेगळेच.

लोक म्हणतात, उन्हाळ्यात मासा तळाला जातो. हे अर्धंच खरं आहे. खोल तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. खालचा थर थंड राहतो, पण त्यातला ऑक्सिजन संपत येतो, त्यामुळे अगदी तळाशी जाऊन माशाला भागत नाही. काही बास मधल्या खोलीवर थांबतात, काही उथळ पाण्यात सावली धरून बसतात. आणि कोमट पाण्यात त्यांचं पचन जोरात चालतं, त्यामुळे भूक असतेच. पहाटे छोटे सनफिश आणि शॅड काठाकाठानं फिरतात आणि बास त्यांच्या मागे येतो. त्या वेळी पाण्यावर काहीतरी फडफडताना दिसलं की तो सोडत नाही.

मासेमारीच्या लायसन्सचं नंतर सांगतो. त्यावर माझा वेगळा राग आहे.

आता पहिल्या तीन सकाळी कशा वाया गेल्या ते ऐका. दुकानातल्या काउंटरवरच्या मुलानं मोठ्या आत्मविश्वासानं मला फ्लोरोकार्बनची लाइन, म्हणजे गळाची दोरी, विकली. "माशाला दिसत नाही," म्हणाला. कमी दिसते हे खरं, पण फ्लोरोकार्बन बुडते. मी लावला होता पॉपर, म्हणजे तोंडाला वाटीसारखा खळगा असलेली छोटी लूर. हलका हिसका दिला की ती 'पुळुक' असा आवाज करून पाणी उडवते. माझी लाइन बुडायची आणि जाताना पॉपरचं नाक खाली ओढायची. 'पुळुक'च्या जागी नुसता 'फुस्स'. तीन दिवस मला वाटलं, मनगटच चुकतंय. चौथ्या दिवशी साधी नायलॉनची मोनो लाइन भरली, १५ पाउंड ताण पेलणारी, आणि पहिल्याच हिसक्याला तो सुंदर आवाज आला. टॉपवॉटरला मोनो नाहीतर ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन. फ्लोरोकार्बन कोणी कितीही प्रेमानं दिली तरी नको.

आणि चौथ्याच दिवशी पहिली झडप आली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांना कसं सांगू. पाणी काचेसारखं स्थिर. पॉपर एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी पडला, त्याची वलयं विरली. मी दोन हिसके देऊन थांबलो. आणि कोणीतरी गच्चीवरून बादलीभर पाणी फेकावं तसा आवाज झाला. पाणी उसळलं, हिरवी पाठ दिसली, आणि माझ्या हातानं पेणच्या खाडीवरचा झटका दिला. पॉपर पाण्यातून सुटून गोळीसारखा माझ्याकडे आला आणि टोपीत रुतला. दोन तिकटी गळ लावलेली लूर. टोपी नसती तर त्या दिवशी इमर्जन्सीत बसून फॉर्म भरत असतो. (टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय टॉपवॉटर करू नका. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.)

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी दोनदा. सातव्या दिवशी मी ठरवून गेलो की पाणी उसळलं की मनात 'एक, दोन' मोजायचं आणि मगच ओढायचं. मोजलंही. पण माझं 'एक, दोन' म्हणजे लग्नातल्या शेवटच्या मंगलाष्टकेसारखं, भटजी 'सावधान' म्हणायच्या आत अक्षता उडालेल्या. हात आधी, आकडे मागून. मग मी लूरला दोष दिला आणि दुसरी आणली. मग गळाला दोष दिला आणि बदलले. मग रॉडला दोष दिला. त्यात थोडं तथ्य निघालं, माझा रॉड फार ताठ होता. तिकटी गळाच्या लूरला टोकाशी थोडा लवणारा रॉड बरा, तो झटका जरासा पोटात घालतो. म्हणजे ऐंशी डॉलर आणखी गेले. बायको काही बोलली नाही, फक्त त्या रविवारी बाजारातून सुरमई आणली आणि तळून वाढली.

त्याच दुपारी काकाला व्हिडिओ कॉल केला. काका आता ऐंशीचा आहे, पण जिताड्याचा विषय काढला की चाळीस वर्षांनी तरुण होतो. मी सगळं सांगितलं: मासा येतो, झडप घालतो, मी ओढतो आणि काही लागत नाही. तो हसला. म्हणाला, "अरे, पाहुण्यानं घास तोंडाशी नेला की तू ताटच ओढतोस. मग तो जेवणार कसा?" मी म्हटलं, "काका, तुम्हीच शिकवलंत, बूच बुडालं की झटका." तर म्हणे, "बूच बुडतं तेव्हा घास तोंडात गेलेला असतो रे. तुझं पाणी उडतं तेव्हा तो अजून तोंड उघडतोय."

नेमकं हेच आहे. बास तोंड उघडून पाणी आणि भक्ष्य एकदमच आत खेचतो. त्यातून लूर तरंगणारी, वर चिकटल्यासारखी, म्हणजे आत जायला क्षणभर जास्तच लागणार. आपल्याला दिसतं आणि ऐकू येतं ते त्या खेचण्याची सुरुवात. कधीकधी तर तो पहिल्या वेळी चुकतोच, नुसतं डोकं आपटून जातो. म्हणून झडप दिसली की काही करायचं नाही. लाइनला वजन जाणवलं की मग ओढायचं. आणि थांबताना लाइन थोडी ढिलीच असू द्यावी, ताणलेल्या लाइनवर लूर त्याच्या तोंडात सरकत नाही. हे सगळं मी आता शहाण्यासारखं लिहितोय. नवव्या सकाळी, काकाचं ऐकून गेल्यावरही, मी पुन्हा ओढला. मोठा होता. तो उसळलेला खड्डा मला अजून दिसतो.

शेजारी काठावर एक म्हातारा टेक्सन खुर्ची टाकून बसायचा. रोज नुसती मान हलवून नमस्कार. त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला: "तू आवाजाला गळ लावतोयस, माशाला नाही." आणि पुन्हा आपल्या कॉफीकडे वळला. मला इतका राग आला की मी सामान आवरलं आणि सात वाजता घरी गेलो. त्याचा राग का यावा? बरोबर बोलला म्हणूनच.

दहाव्या सकाळी मुलाला घेऊन गेलो. तो तेरा वर्षांचा, निम्मा झोपेत. त्यानं पॉपर टाकला, रॉड दोन गुडघ्यांत धरला आणि थर्मासचं झाकण लावायला लागला. झाकणाचा आटा बसेना. तेवढ्यात पाणी उसळलं. मी ओरडलो. तो झाकणच लावत होता. मग रॉड वाकला, तेव्हा त्यानं वर पाहिलं, "बाबा, हे काय?" म्हणत उचलला, आणि त्याला बास लागला होता. बारा इंचांचा. इथे बहुतेक तळ्यांवर बास १४ इंचांच्या खाली असेल तर ठेवता येत नाही, तो सोडून दिला. पण मला जे पाहायचं होतं ते दिसलं. पोराला मासा मिळाला, कारण त्याला पाणी उसळलेलं दिसलंच नव्हतं.

अकराव्या सकाळी मी पॉपर टाकला, रॉडचं टोक खाली पाण्याकडे केलं आणि मान वळवून पलीकडच्या काठावरच्या एका बगळ्याकडे बघत बसलो. लोकांना वेडपट दिसलं असेल. हिसका, हिसका, थांब. बगळा. हिसका, थांब. कानात तो आवाज आला आणि सगळं अंग ताठ झालं, पण डोळे बगळ्यावर. मग मनगटात वजन आलं, ओलं पोतं कोणी ओढावं तसं. मी दोन वेढे रील फिरवून ढिली लाइन आवरली आणि रॉड बाजूला खेचला. जोरात झटका दिला नाही, तिकट्या गळांना तो लागतही नाही.

१७ इंच. मोजून फोटो काढला. म्हाताऱ्यानं खुर्चीतूनच कॉफीचा मग उंचावला.

बेडकासारख्या पोकळ रबरी लूरचं मात्र वेगळं. तिचे दोन गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून ती दाट गवतावरून, कमळाच्या पानांवरून अडकल्याशिवाय येते. उन्हाळ्यात भर दुपारी टॉपवॉटर चालतं ते बहुधा हिच्यावरच, कारण त्या गवताखाली सावली असते. तिथेही वजन येईपर्यंत थांबायचंच, पण नंतर मात्र दणकून ओढायचं, नाहीतर गळ रबरातून बाहेर येत नाहीत. त्यासाठी ५० पाउंडाची ब्रेड आणि जाड रॉड लागतो. अधूनमधून तिच्या पोटातलं पाणी पिळून काढा, नाहीतर ती बुडायला लागते.

मासा झडप घालून चुकला तर घाईनं लूर परत ओढू नका. तिथेच राहू द्या, थोडी हलवा. बऱ्याचदा तो परत येतो.

उन्हाळ्यात पकडलेला मासा लवकर सोडा. पाणी कोमट असतं, तो आधीच दमलेला असतो. हात ओला करून धरा, फोटोला अर्धा मिनिट पुरे. दुपारी मोठ्या माशाशी दहा मिनिटं झुंज खेळण्यात मला आता मजा वाटत नाही.

हां, लायसन्स. आदल्या वर्षी मी ते एका दुकानात ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात काढलं. गोड्या पाण्याचं, रहिवाशांसाठीचं, ३० डॉलरचं. काउंटरवरच्या बाईंनी चाळीस मिनिटं रांगेत उभं करून, दोनदा पत्ता चुकवून, एक लांबलचक कागद हातात दिला आणि 'एंजॉय' म्हणाल्या. एंजॉय केलं दहा दिवस. टेक्ससमध्ये हे लायसन्स तुम्ही कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतं. नवीन वर्षाचं १५ ऑगस्टपासूनच मिळायला लागतं, म्हणजे त्या दिवशी बाईंनी फक्त 'यंदाचं की पुढचं?' एवढं विचारलं असतं तरी माझे पैसे वाचले असते. काढल्या तारखेपासून वर्षभर चालणारंही एक असतं, ते महाग असतं. आणि सहा महिने सलग टेक्ससमध्ये राहिला नसाल तर रहिवाशाचा दर मिळत नाही, नुकतेच बदली होऊन आलेल्यांनी हे बघून घ्या. सतरा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागतच नाही.

पण खरी चिडचिड पुढे आहे. ते संपल्यावर 'आता पुन्हा ती रांग नको' म्हणून मी अख्खा सप्टेंबर आणि ऑक्टोबर घरी बसलो. नंतर कळलं की टेक्ससच्या स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासेमारी करायला लायसन्स लागतच नाही. आणि मी जायचो ती जागा स्टेट पार्कमध्येच आहे.

१७ इंची बासचा फोटो काकाला पाठवला. त्यानं मोठा करून पाहिला आणि विचारलं, "कसा होता खायला?" मी म्हटलं, "सोडला." बराच वेळ कॉलवर नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग काकू मागून म्हणाली, "त्याला म्हणावं, दिवाळीत ये. जिताडा आणून ठेवते."