तुम्ही विचारलंत म्हणून : रबडीला सीताफळाचा वास का येत नाही?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या अंबाजोगाईच्या दुकानात हा प्रश्न रोज येतो. "ताई, रबडी चांगली झालीय, पण सीताफळाचा वास येईना. खरंच सीताफळ घातलंय का?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. घाईत अर्धंच उत्तर दिलं जातं, म्हणून आज निवांत लिहिते.

सीताफळ मुळातच मंद वासाचं फळ आहे. पेरू घरात आणला की सगळ्या घराला कळतं. पिकलेलं सीताफळ नाकाजवळ धरावं लागतं. त्यात रबडी आपण गार खातो, आणि गार पदार्थातून वास कमीच सुटतो. शिवाय दुधातली साय बराचसा वास धरून ठेवते आणि तोंडात विरघळताना सोडते. म्हणून चमचा जवळ आणल्यावर काही जाणवत नाही, घास गिळल्यावर सीताफळ कळतं. वाटी समोर आल्या आल्या घमघमाट येतो तो बहुतेक इसेन्सचा, आणि तोच ओळखीचा झाल्यामुळे खरं फळ खोटं वाटायला लागलंय. याचं मला फार वाईट वाटतं. ज्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ज्याच्यासाठी अंबाजोगाईत परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वेगळं संशोधन केंद्र आहे, त्याची चव इथल्याच लेकरांना बाटलीतून कळावी?

आता ती चव रबडीत उतरवायची कशी, ते सांगते. आमच्याकडच्या बालाघाट डोंगररांगेतल्या खडकाळ माळावरचं फळ डोळे उघडले की काढायचं, म्हणजे खवल्यांमधल्या खाचा रुंद होऊन पिवळसर दिसायला लागल्या की. आधी काढलं तर मऊ होतं, गोड होत नाही. गर हातानं काढायचा आणि चाळणीवर चोळायचा. मिक्सर फिरवला तर काम लवकर होईल, पण बी फुटलं की गर कडवट होतो, आणि ते बी पोटात जाण्यासारखंही नाही. आपल्याकडं जुन्या बाया ते उवांवर लावायच्या, तेही डोळे जपून. सालीला लागून असलेला भाग फार खरवडायचा नाही, तो दातांखाली कचकचतो.

खरी अडचण पुढं आहे. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. आंबा आटवता येतो, सीताफळ नाही. म्हणून म्हशीचं दूध आधी आटवायचं, कडेची साय खरवडून आत सोडायची, पूर्ण गार करायचं आणि मगच गर मिसळायचा. उघडा ठेवला तर तो बघता बघता तपकिरी पडतो, म्हणून जेवढं दूध तयार तेवढाच गर काढायचा. साखर हलक्या हातानं, कारण फळच भरपूर गोड असतं. वेलदोडा मी घालत नाही. तो आला की सीताफळ मागं पडतं.

इसेन्स वापरणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. मात्र "इसेन्स म्हणजे विषच का?" असं विचारलंत तर मी नाही म्हणेन. परवानगी असलेले स्वाद ठरलेल्या मर्यादेत चालतात. व्हॅनिलाचंच घ्या. शेंगेतलं व्हॅनिलिन आणि कारखान्यात ग्वायकॉल नावाच्या रसायनापासून बनवलेलं व्हॅनिलिन हा रेणू एकच. म्हणून आपल्या नियमांत स्वादांचे तीन प्रकार केलेत : नैसर्गिक, निसर्गसदृश (म्हणजे कारखान्यात बनलेला, पण रेणू निसर्गातलाच) आणि कृत्रिम. इथाइल व्हॅनिलिन निसर्गात सापडत नाही, ते कृत्रिम. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत यातला कोणता प्रकार आहे ते लिहिलेलं असतं, वाचत जा. माझं भांडण विषाशी नाही. शेंगेत व्हॅनिलिनच्या जोडीला कितीतरी बारीक वास असतात. बाटलीत ठरावीक तेवढेच. आणि बाटली आली की फळाची गरज उरत नाही, मग माळावरच्या झाडाकडं कोण बघणार?

आपल्याकडं स्वाद बाहेरून आणायची रीत नव्हतीच. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं शेतात ताक-ज्वारीची आंबील पितात, तिचा तो आंबूस वास ताकातले जंतू रात्रभरात तयार करतात. येसर या आमच्याकडच्या मसाल्याचा वास धणे-डाळी-ज्वारी मंद आचेवर भाजण्यातून येतो. खव्याचाही तसाच : म्हशीचं सुमारे 5 लिटर दूध आटवलं की किलोभर खवा हाती येतो, आणि धाराशिवकडच्या भूमच्या भट्ट्यांवर तो आटताना जो खरपूस वास सुटतो, तो पेढ्यातही राहतो.

दुसरा प्रश्न, बारा महिने का नाही? गर उणे 18 अंशांवर गोठवून ठेवता येतो, करणारे करतात. रंग-गोडी राहते, पण तो मंद वास कमी होतो, म्हणून मी करत नाही. कमी पावसाच्या वर्षी फळं बारीक येतात, गर कमी निघतो, तेव्हा रबडीही कमी असते आणि दुपारपर्यंत संपते. आधी फोन केलात तर बाजूला काढून ठेवते. नेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. खाताना मात्र पाच-दहा मिनिटं आधी बाहेर काढा, थोडा गारवा उतरू द्या. तेवढ्यानं वास नक्की जाणवेल.