समच्या वाळूत एक संध्याकाळ: उंट, सूर्यास्त आणि रात्रीचं जेवण

राजस्थानातल्या जैसलमेरहून सम हे वाळूच्या टेकड्यांचं ठिकाण साधारण ४२ किलोमीटर. रस्ता सरळ आणि चांगला आहे, तास लागत नाही. म्हणूनच बरेच गाडीवाले ‘चारला निघू’ म्हणतात आणि संध्याकाळ तिथेच हातातून निसटते. डिसेंबरमध्ये चारला निघालं तर कॅम्पवर पोचायला पाच होतात. टिळा, चहा, भजी यांत आणखी वीस मिनिटं जातात, आणि उंटावर बसेपर्यंत सूर्य क्षितिजाला टेकायला आलेला असतो. या सहलीतलं खरं सोनं म्हणजे सूर्यास्ताआधीचा पाऊण तास आणि नंतरची पंचवीस मिनिटं. बाकी सगळं वेळापत्रक त्याभोवती बसवायचं.

निघायची वेळ अडीच धरा. वाटेत कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव लागतं. तिथे पाऊण तास घालवूनही चार-सव्वाचारला समला पोचता येतं. सूर्यास्ताचा अंदाज असा: नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत सहाला पाचेक मिनिटं कमी, जानेवारीच्या मध्यावर सव्वासहा, फेब्रुवारीच्या मध्यावर सहा चाळीस, मार्चच्या मध्यावर सातच्या सुमारास. ऑक्टोबरच्या मध्यावर सहा वीस. जैसलमेर भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे घड्याळाच्या मानाने इथे सूर्य पाऊण तास उशिरा चालतो. नागपूरकरांना हा फरक लगेच जाणवेल, मुंबईकरांना फारसा नाही.

घड्याळावर विसंबायचं नसेल तर हात लांब करून चार बोटं आडवी धरा. खालचं बोट क्षितिजावर आणि सूर्य वरच्या बोटाला टेकलेला दिसला, तर साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं उरलीत असं समजा. त्या वेळी तुम्ही टेकडीवर असायला हवं. शिवाय थरच्या हवेत बारीक धूळ असते. पुष्कळदा सूर्य क्षितिजावर मावळतच नाही, त्याच्या वरच्या धुरकट पट्ट्यात फिका होत विरून जातो. पंचांगातल्या वेळेआधी पाच-दहा मिनिटं तो दिसेनासा झाला तर ढग आले असं समजू नका. उलट ऐन वेळेवर पोचणाऱ्याला इथे काहीच दिसत नाही, हा धडा घ्या.

सम की खुडी

समच्या टेकड्या मोठ्या आणि सलग आहेत, पण रस्त्याकडेला कॅम्पांची रांग आहे, जीपा आहेत, ध्वनिक्षेपक आहेत. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला तेवढ्याच अंतरावर असलेल्या खुडीच्या टेकड्या लहान आहेत, गाव जवळ आहे आणि गर्दी बरीच कमी. लहान मुलं, मोठा गट, नाचगाणं, जीपची फेरी हे सगळं हवं असेल तर सम घ्या. दोघं-चौघं असाल आणि शांतता हवी असेल तर आमचा कौल निःसंकोच खुडीला. नाताळ ते नववर्ष आणि दिवाळीचा आठवडा या काळात समला सूर्यास्ताचे फोटो माणसांच्या डोक्यांवरूनच काढावे लागतात. माघ पौर्णिमेला संपणाऱ्या मरू महोत्सवाच्या दिवसांतही खोल्या आधीच भरलेल्या असतात. मात्र त्या संध्याकाळी पश्चिमेला सूर्य बुडत असताना पूर्वेला पूर्ण चंद्र वर येतो, तेवढ्यासाठी गर्दी सोसायला हरकत नाही.

हा सगळा भाग ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरू राष्ट्रीय उद्यानाच्या आत किंवा त्याला लागून आहे. आपल्याकडचा माळढोक इथे गोडावण या नावाने ओळखला जातो आणि जगात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. म्हणून जीपवाल्याला टेकड्यांपलीकडच्या सेवण नावाच्या गवतात गाडी घालायला सांगू नका, त्याने स्वतःहून विचारलं तरी नाही म्हणा. हा पक्षी जमिनीवर अंडी घालतो.

पैसे ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न

‘पॅकेजमध्ये कॅमल राइड आहे’ एवढ्यावर थांबू नका. किती मिनिटांची, हे विचारा. उंट चालीने तासाला चार-पाच किलोमीटर जातो. पंधरा मिनिटांची फेरी म्हणजे जेमतेम एक किलोमीटर, तेही रस्त्यालगतच्या तुडवलेल्या वाळूवर. किमान तासाभराची फेरी मागा, वेगळे पैसे पडले तरी. दुसरा प्रश्न: दर माणशी की उंटामागे? एका उंटावर दोघं बसवायची पद्धत आहे, आणि दोघंही भरदार अंगाची असतील तर उंटावरचा भार अति होतो. अशा वेळी दोन उंट घ्या. तिसरा: कॅम्प प्रत्यक्ष टेकड्यांपासून किती लांब? अनेक कॅम्प रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सपाट मातीत आहेत आणि फोटोतली वाळू तिथून दूर असते. चौथा: सूर्यास्तानंतर उंटवाला थांबेल का? हे आधी बोललेलं नसेल तर सूर्य बुडता क्षणी तो तुम्हाला परत न्यायला निघतो, कारण त्याला कॅम्पवाल्याने तेवढीच वेळ दिलेली असते.

वाटेत ‘खरा सनसेट पॉइंट पुढे आहे, जास्तीचे पैसे लागतील’ असं कानावर येईल. असा एखादा ठरावीक पॉइंट तिथे नाही. पश्चिमेला मोकळा उतार आणि समोर पाऊलखुणा नसलेली वाळू मिळाली की ती जागा पुरेशी.

उंट पाहून घ्यायचा

कॅम्पकडे नंतर पाहा, आधी उंटाकडे पाहा. पलाणाच्या, म्हणजे उंटाच्या खोगिराच्या, कडेला, वशिंडाच्या दोन्ही अंगांना आणि पोटाखाली तंग (पलाण बांधायचा पट्टा) जिथे काचतो तिथे उघडी जखम आहे का, वेसणीच्या भोकातून रक्त किंवा पू येतो आहे का, चालताना एखादा पाय उचलून टाकतो का, हे पाहायला एक मिनिट लागतं. यांपैकी काही दिसलं तर दुसरा उंट मागा आणि कारण स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक बघतं हे कळलं की जनावराची निगा राखली जाते.

हिवाळा हा नर उंटांच्या माजाचा काळ. तोंडाला फेस, घशातून घुर्र घुर्र असा बुडबुड्यांचा आवाज, आणि तोंडाच्या कडेने बाहेर लोंबणारा गुलाबी फुगा दिसला तर घाबरू नका, पण जवळही जाऊ नका. तो फुगा जीभ नव्हे, टाळूचा मऊ भाग असतो. असा उंट चावू शकतो. मुलांना त्याच्यावर बसवू नका आणि त्याच्याशेजारी फोटोही काढू नका.

चढणं, बसणं, उतरणं

पडायची शक्यता सर्वांत जास्त असते ती उंट उठताना आणि बसताना, चालताना नव्हे. उंट आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. मग पुढचे पाय उचलतो आणि स्वार मागे जातो. बसताना उलट क्रम: पुढचे गुडघे आधी मोडतात आणि पुन्हा पहिला हिसका पुढेच बसतो. म्हणून दोन्ही वेळा नियम एकच. पलाणाच्या पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरा, हात ताठ ठेवा, पाय थोडे पुढे रोवा आणि हिसका बसायच्या आधीच मागे रेला. मागच्या स्वाराला दांडी नसते. त्याने पलाणाला धरावं, पुढच्याच्या खांद्याला नाही, नाहीतर दोघं एकत्र पुढे जातात. या क्षणी हातात मोबाइल अजिबात नको. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही.

चढताना उंटवाल्याने मोडलेल्या पुढच्या पायावर पाऊल ठेवून धरलंय ना, ते बघा. तंग घट्ट आहे की नाही हे पलाण हलवून बघायला त्याला सांगा. पलाण एका बाजूला सरकतं ते सैल तंगामुळेच. रिकीब (पाय अडकवायची कडी) पायाला पोचत नसेल तर लांबी बदलून मागा. पाय तासभर लोंबत राहिले की मांड्या आणि कंबर दुखून येते.

चालताना उंट एका बाजूचे पुढचा-मागचा असे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून झोका डावीकडून उजवीकडे जातो. कंबर ताठ धरली तर पाठ भरते. कंबर सैल सोडून झोक्याबरोबर जाऊ द्या. चढावर किंचित पुढे, उतारावर मागे. टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब उताराची आणि घट्ट असते, आडोशाची बाजू तेहतीसेक अंशांची आणि भुसभुशीत. फोटोसाठी त्या कड्यावरून उंट उतरवायचा हट्ट धरू नका, तिथे जनावराचे पाय रुततात आणि घसरतात.

मणक्याचा त्रास, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर उंटावर बसूच नका. आजी-आजोबांसाठी उंटगाडी मागा. तिला विमानाची जुनी चाकं लावलेली असतात, ती वाळूत रुतत नाहीत, आणि सूर्यास्त तिथूनही तोच दिसतो.

अंगावर काय

पूर्ण लांबीची सैल विजार. अर्ध्या चड्डीत मांड्या सोलवटतात. ओढणी, साडीचा पदर खोचून घ्या. सुती पंचा किंवा मोठा रुमाल डोक्या-तोंडाला. खिशातलं पाकीट, गाडीची किल्ली चेन असलेल्या कप्प्यात. वाळूत पडलेली किल्ली सापडत नाही. वाळूत अनवाणी चालावंसं वाटतंच, पण भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं तळव्यात घुसतात, तेव्हा गवत दिसेल तिथे पायात मोजे-बूट हवेत. कॅमेऱ्याचं भिंग वाळूत बदलू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं: स्वेटर-शाल गाडीत ठेवू नका, उंटावर बरोबर घ्या. हवा कोरडी असल्याने वाळू तापते तशी भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पंचवीस अंश असलेला पारा पहाटे सहा-सात अंशांवर येतो, आणि पहिली थंडी सूर्य गेल्यावर अर्ध्या तासातच बोचते.

टेकडीवर

उंटावरून उतरून कड्यापासून थोडं अलीकडे बसा. सूर्य खाली आला की वाळूवरच्या लाटांच्या सावल्या लांबतात. सूर्य बाजूला ठेवून काढलेल्या फोटोत त्या उठून दिसतात. उंटांच्या रांगेची काळी आकृती हवी असेल तर मोबाइलवर आकाशाला बोट लावून उजेड कमी करा.

सूर्य गेला की लोक उठतात. तुम्ही बसा, आणि पाठ फिरवून पूर्वेकडे पाहा. क्षितिजाला एक करडा-निळा पट्टा वर चढताना दिसतो, त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. इतक्या सपाट, मोकळ्या क्षितिजावर ती जशी दिसते तशी शहरात कधीच दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ती वर चढून रात्रीत मिसळते. अंधार पडायच्या आत परत फिरायला तेवढा वेळ पुरतो.

उंटवाल्याच्या हातात वेगळे पैसे द्या, सुटे जवळ ठेवा. कॅम्पच्या दरातला मोठा वाटा त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केलं, तरी २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातले उंट ३७ टक्क्यांनी घटले. या फेऱ्या हे उंट पाळणं परवडण्याच्या थोड्या उरलेल्या कारणांपैकी एक आहे.

गाणं आणि जेवण

जेवणाआधी कार्यक्रम असतो. गाणारे बहुधा मांगणियार या पारंपरिक गायक समाजातले, नाच कालबेलिया समाजाचा. हा नाच २०१० पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. मांगणियारांचा कमायचा हे गजाने वाजवायचं, कातड्याने मढवलेलं वाद्य ध्वनिक्षेपकात पार बुडून जातं. मोठा गट असाल तर आधीच सांगून अर्धा तास माइकशिवाय बैठक मागा. कलाकार आनंदाने बसतात. कमायचा आणि खडताल (हातात धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्या) जवळून ऐकण्यासारखे आहेत. रेकॉर्डवर नाच हवा असेल तर तो शहरातही मिळतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, तेवढं कॅम्पवाल्याला आठवण करून द्यायला संकोचू नका.

जेवणात दाल-बाटी-चुरमा, गट्ट्यांची भाजी, कढी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि केर-सांगरी. केर म्हणजे आपली नेपती, सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात. केर-सांगरी पानात दिसली तर आधी ती घ्या, ती लवकर संपते. बाटी हाताने कुस्करून, तूप घालून, मग वर डाळ. आख्खी बाटी डाळीत बुडवली तर आत कोरडीच राहते. वाऱ्यात ताट पाच मिनिटांत गार होतं, म्हणून तंबूच्या आडोशाला बसा आणि थोडं थोडं वाढून घ्या. प्यायला बंद बाटलीचं पाणी घ्या आणि रिकाम्या बाटल्या शहरात परत न्या.

रात्रीच शहरात परतणार असाल तर गाडीच्या थांबण्याचे पैसे दुपारीच ठरवा. रस्त्यावर अंधारात गाई, उंट, शेळ्या बसलेल्या असतात, चालकाला घाई करायला लावू नका. मुक्काम करणार असाल तर दिवे मालवल्यावर तीन-चारशे पावलं वाळूत चालत जा. हिवाळ्यात पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं, अमावस्येच्या आसपास तर आकाश अक्षरशः भरलेलं. निघताना कॅम्पवाल्याला दारातला एक दिवा चालू ठेवायला सांगा आणि बॅटरी बरोबर घ्या. अंधारात सगळ्या टेकड्या सारख्या दिसतात आणि स्वतःच्या पाऊलखुणा वाऱ्याने तासाभरात बुजतात.