तीन नंबरचा पिस्टन

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आमच्या खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ७ वर्षं उभी होती. धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरपासून आमचं गाव जवळच. कापूस मोजायला आलेला व्यापारी असो की लग्नाचं वऱ्हाड, या गाडीनं सगळ्यांची ने-आण केली. वडील गेले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. होळी झाल्यावर मी ठरवलं, हिला चालू करायचं. नवी बॅटरी टाकली, किल्ली फिरवली. स्टार्टरचा फक्त एक ‘टक्’ आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले. इंजिन जाम.

पहिली चूक मी त्याच संध्याकाळी केली. चुलतभावाचा ट्रॅक्टर शेजारीच उभा होता. दोर बांधला, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडून ओढली. मागची चाकं फिरलीच नाहीत, मुरमावर दोन लांब चर पडले. दुसऱ्या दिवशी आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे मामा, उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. ते चर बघून ते गाडीकडे गेलेच नाहीत, आधी माझ्याकडे आले. “कोन सांगं तुले?” एवढंच विचारलं. मग समजावलं की पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या, घट्ट धरलेला असताना चाकाकडून जोर लावला, तर तो सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनच्या फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या सळईवर येतो आणि रॉड वाकतो. नशीब, आमचा वाकला नव्हता. धक्का मारून किंवा ओढून जाम इंजिन सोडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

इंजिन जाम म्हणजे नक्की काय जाम, हे आधी शोधावं लागतं. आप्पांनी फॅनबेल्ट काढायला लावला, कारण कधी कधी डायनॅमो किंवा वॉटर पंपच अडकलेला असतो. मग स्टार्टर उतरवला. त्याचा दात फ्लायव्हीलमध्ये (क्रँकवरच्या जड चाकात) रुतून बसला तरी असंच होतं. गाडी न्यूट्रल केली, चारही प्लग काढले आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावला. जराही हालचाल नाही. म्हणजे दुखणं आतच होतं.

जाम होण्याचं कारण एअर फिल्टर काढल्यावर सापडलं. कोणीतरी कधीतरी फिल्टरचा डबा उघडला होता आणि झाकण नीट बसवलं नव्हतं. पत्र्याला बरोबर त्याच्यावर एक भोक होतं. पावसाचं पाणी कार्बोरेटरमधून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये गेलं. चार सिलिंडरपैकी ज्याचा इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) उघडा राहिला होता, त्यातच ते उतरलं. आमचा तो तीन नंबर.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, “इंजिन भंगारात घाला, दुसरं बसवून देतो.” मला ते पटलं नाही. या गाडीचं इंजिन अवघं १०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. सिलिंडरांचा ब्लॉक बिडाचा, त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड अॅल्युमिनियमचं. इतकं साधं इंजिन एका सिलिंडरच्या गंजापायी फेकायचं कशाला?

आप्पांनी डिझेल आणि पातळ गिअर ऑइल निम्मं-निम्मं मिसळलं आणि प्लगच्या भोकातून चारही सिलिंडरमध्ये ओतलं. भोकांवर कापडाचे बोळे बसवले. मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी मी खराट्याची काडी भोकातून आत सोडायचो, कागदावर तिची ओली खूण मोजायचो आणि पुन्हा भर घालायचो. एक, दोन आणि चार नंबरचं तेल एका रात्रीत पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात झिरपायचं. तीन नंबरची काडी मात्र रोज तेवढीच ओली. पहिले चार दिवस खूण केसभरही उतरली नाही. पाचव्या सकाळी ती अर्धा बोट खाली आली होती. मी काडी पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेवढीच. मी तसाच आईला सांगायला धावलो.

आमच्या हवेचाही यात हातभार लागला असं आप्पांचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. मार्चमध्ये आमच्याकडे दुपारी ३८ अंश, तर पहाटे १८. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतो. २० अंशांच्या फरकात ६८ मिलिमीटरवर हा फरक मिलिमीटरच्या साधारण साठाव्या भागाएवढा होतो. डोळ्याला दिसत नाही, पण रोज फुगणं आणि रोज आकसणं, यानं गंजाची पकड सैल होते आणि तेलाला वाट मिळते. म्हणून तेलाची भर पहाटेच घालायची, धातू आकसलेला असताना.

अकरा दिवस झाले तरी पुली हलेना. मी पान्यावर दीड हात पाइप चढवला. आप्पांनी तो काढून बाजूला ठेवला. “काय घाई शे रे भाऊ? सात वरीस उभी व्हती, आखो आठ दिन ऱ्हाई.” नट तुटला किंवा त्याचे आटे गेले की काम दुपटीनं वाढतं. शेवटी हेड उघडायचं ठरलं.

हेडनं अख्खा दिवस घेतला. नट बाहेरून आत, थोडे थोडे करत ढिले केले. एकदम एकच पूर्ण काढला तर अॅल्युमिनियमचं हेड पीळ खातं. नट निघाले, हेड निघेना. लोखंडी स्टड आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते आणि सिमेंटसारखी घट्ट बसते. फटीत छिन्नी घालायचा मोह होतो, पण तिचा एक ओरखडा पडला की नवं हेड पॅकिंगही गळतं. आप्पांनी सोनगीरच्या तांबट ओळीतून आणलेला पितळेचा दांडा काढला. स्टडच्या टोकावर दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि पितळेनं हलकेच ठोकायचं, म्हणजे आटे सुखरूप राहतात. वर रॉकेल. पितळेचा आवाज आधी बद्द येत होता, दुपारनंतर टणटणीत येऊ लागला. आप्पा म्हणाले, सुटलं. आणि खरंच, दोघांनी उचललं तसं हेड वर आलं.

तीन नंबर बघून माझा चेहरा उतरला. पिस्टन वरून दोन बोटं खाली, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर विटकरी गंजाचा जाड कडा. आप्पांनी पिस्टनभोवतीच्या फटीत ग्रीस भरलं, म्हणजे खरवडलेला गंज खाली जाणार नाही. मग मी बारीक एमरी पेपर डिझेलमध्ये भिजवून तो कडा उतरवला. हे आधीच करावं लागतं. वर गंज ठेवून पिस्टन वर आणला तर रिंगा तिथे अडकून तुटतात. ग्रीस पुसलं, पुन्हा तेल भरलं, पुन्हा वाट.

सुताराकडून बाभळीचा ६५ मिलिमीटरचा गोल ठोकळा करून घेतला. पिस्टनवर सरळ हातोडी कधीच नाही. पेन्सिलनं पिस्टनच्या काठाला लागून भिंतीवर रेघ मारली. एकोणिसाव्या सकाळी मी पुलीवर पाना धरून एकदा इकडे, एकदा तिकडे ताण देत होतो आणि आप्पा ठोकळ्यावर मोजून ठोके देत होते. विसाव्या-पंचविसाव्या ठोक्याला पाना माझ्या हातात किंचित वळला. वाकून बघितलं तर पेन्सिलच्या रेघेखाली दोऱ्याएवढी एक चकचकीत पट्टी उघडी पडली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी मात्र लगेच फिरवू दिलं नाही. अर्धा सूत खाली, परत वर, तेल, पुन्हा एक सूत. दुपारपर्यंत क्रँकनं पूर्ण फेरा घेतला.

पुढचं काम नेहमीचं. चेंबर उतरवून पिस्टन बाहेर काढला, वरची रिंग खाचेत चिकटली होती ती तुकड्यांनीच निघाली. धुळ्याच्या मशीन शॉपनं बोअरला होनिंग केलं, म्हणजे तो आतून घासून साफ केला; भिंतीवर बारीक व्रण राहिले पण बोअर मापात होता. रिंगसेट आणि हेड पॅकिंग मुंबईत कुर्ल्याहून मागवलं. या गाड्या कुर्ल्यातच बनायच्या. झिरपलेल्या डिझेलनं पातळ झालेलं जुनं ऑइल टाकून दिलं, हे विसरलात तर बेअरिंगं जातील. प्लग न लावता स्टार्टर मारला, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. शेड निळ्या धुरानं भरलं, आणि दहा मिनिटांत धूर विरळ झाला.

तीन नंबरचा प्लग मी अजून दर १०० किलोमीटरला काढून बघतो. सुरुवातीला तो तेलकट काळा निघायचा. गेल्या रविवारी काढला, तेव्हा चॉकलेटी आणि कोरडा होता.