युकुलेलेचं फिंगरपिकिंग: अंगठा आधी तिसऱ्या तारेवर

फिंगरपिकिंग म्हणजे एकेक तार बोटांनी छेडणं. त्यात गिटारवरून युकुलेले या चार तारांच्या छोट्या वाद्याकडे येणाऱ्यांचा अंगठा पहिल्याच दिवशी चुकतो. गिटारची सर्वांत वरची तार खर्जाची. सोप्रानो आणि कॉन्सर्ट या आकारांच्या युकुलेलेच्या तारा नेहमीच्या पद्धतीने जुळवल्या तर तसं नसतं. चौथी तार जी, तिसरी सी, दुसरी ई, पहिली ए. सीला सा धरला तर प, सा, ग, ध. यातला प खालच्या सप्तकातला नाही, तो सा आणि ग दोन्हींच्या वरचा आहे. खालचा सूर हवा तर तिसरी तारच छेडावी लागते.

म्हणून पहिला क्रम ३-२-४-१ घ्या. उजव्या हाताने तिसरी आणि चौथी अंगठ्याने, दुसरी तर्जनीने, पहिली मधल्या बोटाने. सी कॉर्ड (एकमेकांशी जुळणाऱ्या सुरांचा गट) धरा, म्हणजे पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर डाव्या हाताची अनामिका. आता सा ग प सां असे सूर चढत गेले पाहिजेत. पहिलाच सूर प आला, तर अंगठा सवयीने चौथ्या तारेवर गेला. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, दर ठोक्याला दोन सूर: ठोक्यावर कायम अंगठा, अधेमधे बोटं.

बोटाने तार वर उचलू नका. उचललेली तार पडद्यावर आपटून तडतडते. बोट तळहाताकडे मिटू द्या, अंगठा बोटांच्या पुढे, वाद्याच्या मानेच्या बाजूला ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांना अडत नाहीत.

खरी कसोटी कॉर्ड बदलताना. सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन या क्रमात ए मायनरचे पहिले दोन सूर मोकळ्या तारांचे, त्यामुळे डाव्या हाताचं मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर न्यायला वेळ मिळतो. एफला ते तिथेच राहतं, फक्त तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर येते. अडतं ते एफवरून जी सेव्हनला जाताना. तेच मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर हवं आणि पहिला सूर नेमका तिथलाच. सगळी बोटं एकदम बसवायच्या नादात इथे ठेका तुटतो. एफचा शेवटचा सूर मोकळ्या पहिल्या तारेचा आहे. तो वाजताच मधलं बोट सरकवा. तर्जनी हलवू नका. अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर चौथ्या सुरापर्यंत पोहोचली तरी चालते. आधी एफचा शेवटचा आणि जी सेव्हनचा पहिला, एवढेच दोन सूर घोटा.