दोघं असली की सरळ, एकटा असला की डोलते

भांडुपला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोळीवाड्यातले एक काका त्यांची १२५ सीसी बाइक घेऊन आले. गाडी डोलते, म्हणाले. सिमेंट रोडच्या दोन पट्ट्यांमधला सांधा आला की चाक त्या रेघेनं ओढलं जातं, वळताना हँडल जड लागतं आणि मग गाडी एकदम आत पडते. दुसऱ्या एका गॅरेजात बॉलरेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलून झाला होता, फरक शून्य. आता ‘चेसिस वाकली असेल, सगळं खोलावं लागेल’ असं सांगितलं होतं. काका हबकले होते. घरचं पोट त्या गाडीवर.

मावशी सोबत होत्या. पहाटे दोघं भाऊच्या धक्क्यावर जातात, मासळी घेऊन येतात. मावशींना बाजारात सोडलं की काका दिवसभर एकटेच कुरिअर वाटत फिरतात. मावशी म्हणाल्या, “दादा, मी मागं बसली की गाडी सरळ जाते. हे एकटे असले की डोलते.”

चेसिस वाकलेली असती तर मावशी बसल्यावरही गाडी ओढलीच असती. मी पाना हातात घेतलाच नाही, गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि टायर फिरवून बघितले. मागच्याची नक्षी मधोमध घासून सपाट पट्टा झालेला, कडा मात्र जवळजवळ कोऱ्या. पुढच्याचं बरोबर उलटं: मध्ये नक्षी शाबूत, दोन्ही कडा खाल्लेल्या.

चालवून आणलेल्या गाडीची हवा मोजून उपयोग नसतो, गरम टायर आकडा वाढवून दाखवतो. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी गेज लावला तर पुढे १६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे ४३. गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं पुढे २५. मागे एकट्याला २९, दोघांना ४१.

म्हणजे मावशी आणि मासळी असताना मागची हवा जवळपास योग्य. पुढचं वजनही थोडं मागे जातं, म्हणून पुढच्या मऊ चाकाचा त्रास कमी जाणवायचा. काका एकटे निघाले की तोच टायर कडक. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि तिथेच झिजतो. दुचाकीचा टायर गोल असतो तो गाडी झुकावी म्हणून. तो चपटा झाला की वळताना पट्ट्याच्या कडेवरून गाडी घसरल्यासारखी आत पडते, आणि रस्त्यातली प्रत्येक रेघ धरते. ओल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक दाबला की हाच टायर आधी सुटतो. पुढे हवा कमी म्हणून टायरची भिंत दबते, रबर तापतं, कडा झिजतात, हँडल जड होतं. ‘जास्त हवा, जास्त मायलेज’ या समजुतीनं पंपावर मागे दाबून हवा मारून घेतात आणि पुढच्या चाकाला कोणी विचारत नाही, हे मी रोज बघतो आणि मला त्याचा राग येतो. ट्यूबलेस असला, पंक्चर नसला, तरी महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा जातेच. इथे पुढच्या व्हॉल्व्हची पिनही सैल होती, साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले.

पिन बदलली, पुढे २५ भरली. मागे २९ करून एक फेरी मारली. हँडल हलकं झालं, पण वळणावरचं पडणं राहिलंच. एकदा चपटा झालेला टायर हवेनं गोल होत नाही. मागे नवा टायर घातला. पुढच्यात अजून जीव होता, तो ठेवला.

दुसरी फेरी काकांनी स्वतः मारली, एलबीएस रोडवर. परत आले ते हसतच. मग खरा प्रश्न त्यांनीच काढला: पहाटे दोघं, दुपारी एकटा, तर हवा ठेवायची किती?

मी सांगितलं, पहाटे थंड टायरला ४१. मावशींना सोडल्यावर थोडी सोडायची, पण टायर तेव्हा गरम असतो, म्हणून ३२ च्या आसपास थांबायचं. थंड झाल्यावर तो २९ च्या जवळ येईल. घरी फूटपंप, खिशात गेज.

“रोज कोण करत बसणार?” काका म्हणाले.

“मी करते,” मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडून गेज कसा लावायचा ते दोनदा करून घेतलं.